सरळ रेघेची हत्यारं

जुलै सरत आला की पुण्यातल्या बसमध्ये छत्र्यांच्या जोडीला आणखी एक लांबट वस्तू घुसते. काळं प्लास्टिकचं नळकांडं, खांद्यावर अडकवायला पट्टा आणि वर एक झाकण, जे दुसऱ्या आठवड्यात हरवतं. याला शीट कंटेनर म्हणतात. तो पाठीला लावलेला मुलगा डावीकडे वळला की उजवीकडच्या तीन प्रवाशांना माना खाली घालाव्या लागतात. घरून निघताना आईला तो अर्जुनाचा भाता दिसलेला असतो. कंडक्टरला तसं काही दिसत नाही. 'ओ इंजिनीअर, ती बंदूक जरा उभी धरा,' एवढंच तो म्हणतो. इंजिनीअर व्हायला अजून चार वर्षं आणि बरेच बॅकलॉग बाकी असतात, पण पदव्या देण्यात कंडक्टर विद्यापीठापेक्षा उदार असतात.

नळकांड्याच्या पोटात जे असतं त्याची खरेदी अप्पा बळवंत चौकात होते. कॉलेजनं यादी दिलेली असते: मिनी ड्राफ्टर, रोलर स्केल, मोठा कंपास, डिव्हायडर, फ्रेंच कर्व्ह, एच आणि टूएच पेन्सिली, खोडरबर, क्लिपा, शीट. यादीतल्या निम्म्या वस्तू मुलानं पाहिलेल्या नसतात आणि उरलेल्या वडिलांनी. तरीही बोलणी वडीलच करतात.

'ड्राफ्टर दाखवा एक. चांगला.'

'वाईट आम्ही ठेवत नाही.'

'टिकेल ना चार वर्षं?'

'मुलगा टिकला तर टिकेल.'

दुकानाबाहेर एखादा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी घुटमळत असतो. 'काका, माझा ड्राफ्टर आहे, निम्म्या किमतीत देतो.' काका संशयानं विचारतात, 'फार वापरलाय का?' 'छे हो, हातही लावलेला नाही,' असं तो सांगतो. काकांना ही थाप वाटते. ते अक्षरशः खरं असतं, आणि ते कसं, हे पुढे येईलच.

मिनी ड्राफ्टर ही वस्तू न पाहिलेल्याला समजावून सांगणं कठीण. बोर्डाच्या वरच्या काठावर स्क्रूनं आवळायची एक पकड, तिच्यातून निघालेल्या पोलादी पट्ट्यांच्या दोन समांतरभुज चौकटी, आणि टोकाला एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या, कोनाच्या चकतीसकट. सगळी करामत त्या चौकटींची आहे. समांतरभुज चौकोन कितीही दाबला-ताणला तरी त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. म्हणून पट्ट्यांचं डोकं बोर्डावर कुठंही सरकवलं तरी त्यांची दिशा बदलत नाही. अमेरिकेत चार्ल्स लिटल नावाच्या गृहस्थानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती ड्राफ्टिंग मशीन म्हणून बाजारात आणली. भारतात विद्यार्थ्यांना परवडेल अशी तिची धाकटी आवृत्ती रूढ झाली आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात ठाण मांडून बसली.

हे झालं तत्त्व. व्यवहारात पकडीचा स्क्रू निम्मं शीट होईपर्यंत ढिला पडलेला असतो. पहिली आडवी रेघ आणि शेवटची आडवी रेघ यांच्यामध्ये ड्राफ्टर हळूच कूस बदलतो. ज्या समांतर रेघांना गणितानं अनंतापर्यंत थांबायला सांगितलेलं असतं, त्या उजव्या समासाच्या आतच भेटायच्या बेतात येतात. प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवून विचारतात, 'हा सिलिंडर आहे की कोन?' विद्यार्थी प्राध्यापकांच्या चेहऱ्यावरून उत्तर शोधू लागतो.

ड्राफ्टरच्या आधी टी-स्क्वेअरचं राज्य होतं. लांब लाकडी पट्टी, एका टोकाला आडवं डोकं. ते डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला टेकवायचं आणि वर-खाली सरकवायचं. झाल्या समांतर आडव्या रेघा. त्यावर गुण्या ठेवला की उभ्या. बोर्डाच्या त्या कडेला कडक लाकडाची पट्टी बसवलेली असे, म्हणजे घासून घासून कड झिजू नये. टी-स्क्वेअरला ढिला पडायला पकडीचा स्क्रूच नव्हता, त्यामुळे तो फारसा बिघडतही नसे. जुने ड्राफ्ट्समन अजून त्याची आठवण काढतात. डावखुरे मात्र काढत नाहीत. डाव्या कडेचं डोकं डाव्या हातानं दाबून उजव्यानं रेघ मारायची, अशा हिशेबानं जगातला बहुतेक सरंजाम बनलेला, त्यामुळे डावखुऱ्याचे दोन्ही हात एकाच बाजूला एकमेकांत अडकत.

खरं तर या हत्यारांशी मराठी मुलाची तोंडओळख पाचवीतच झालेली असते, कंपासपेटीत. कॅमलची ती पत्र्याची पेटी. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावानं शाईच्या पुड्या-गोळ्या करायला सुरुवात केली. पुढं घोडा मागं पडला आणि उंट आला. सरळ रेघा शिकवणाऱ्या पेटीवर ज्या प्राण्याच्या अंगात एकही सरळ रेघ नाही तो यावा, याचं त्या वयात कुणाला काही वाटत नाही. पेटीत पट्टी, कंपास, कर्कटक, कोनमापक आणि दोन गुण्ये. पैकी पट्टी रोजची. कंपासाची पेन्सिल नेहमी तुटलेली. कर्कटकाचा भूमितीशी संबंध नाममात्र: बाकावर नाव कोरणं, पुढच्याच्या पाठीला टोचणं आणि पेनाच्या टोपणात अडकलेलं काहीतरी काढणं, ही त्याची कामं. गुण्ये तर पेटी घेतली त्या दिवशी जितके नवे असतात तितकेच दहावी संपताना असतात. एक ४५ अंशांचा, दुसरा ३०-६० चा. दोघं जोडून पंधराच्या पटीतला कुठलाही कोन काढता येतो, ही गोष्ट शिक्षक एकदा सांगतात आणि मग त्या दोघांनी पेटीच्या तळाशी शांतपणे संसार करावा असं ठरतं.

अपवाद शासकीय रेखाकला परीक्षांचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्या पोरांना भूमितीचा आणि अक्षरलेखनाचा पेपर असे, आणि तिथं गुण्यांना वर्षातून एकदा हवा लागे. निसर्गचित्रात झाडं, डोंगर, मधोमध सूर्य अशी बेधडक कामगिरी करणाऱ्या मुलाला भूमितीच्या पेपराला घाम फुटे, कारण झाडाची फांदी दोन मिलिमीटर इकडची तिकडं झाली तर झाडाला चालतं. षटकोनाला चालत नाही.

पेन्सिलीचा इतिहास ऐकला तर वाटतं, ही वस्तू लढाईच्या घाईत बनली तेच बरं झालं. उत्तम ग्राफाइट इंग्लंडातल्या बॉरोडेलच्या खाणीत मिळे. १७९० च्या दशकात फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध जुंपलं आणि फ्रान्सचा पुरवठा थांबला. तेव्हा निकोला-जाक कोंते या फ्रेंच माणसानं १७९५ साली हलक्या ग्राफाइटची पूड मातीत मळून, तिच्या कांड्या भट्टीत भाजून शिसं तयार केलं. या काटकसरीतून एक नवीच सोय हाती आली: माती जास्त घातली तर शिसं कडक आणि रेघ फिकी, माती कमी केली तर शिसं मऊ आणि रेघ काळी. एच, टूएच, एचबी ही सगळी मंडळी त्या मातीच्या प्रमाणातून जन्मली. म्हणजे टूएच वापरणाऱ्याच्या कष्टाची माती होते, हे शब्दशः खरं आहे.

नियम असा की रचनेच्या रेघा टूएचनं, इतक्या फिक्या की त्या काढणाऱ्यालाच दिसाव्यात. आणि अंतिम रेघा एच किंवा एचबीनं, ठसठशीत. रेघांसाठी शिसं पॉलिश पेपरवर घासून पटाशीच्या धारेसारखं चपटं करायचं, अक्षरांसाठी टोकदार. म्हणजे एका कागदाला तीन पेन्सिली आणि तीन टोकं. प्रत्यक्षात वर्गात एकच नटराज फिरत असते. तिनं मारलेली रेघ फिकी की गडद, हे शेजाऱ्यानं ती किती वेळ उसनी दिली आहे त्यावर ठरतं.

आणि हे सगळं पाळलं तरी रोलर स्केल असतोच. या पट्टीच्या पोटात एक रूळ असतो, त्यामुळे ती खाली-वर समांतर घरंगळते. घरंगळताना ताज्या रेघांवरून जाते, त्यांचं ग्राफाइट उचलते आणि कोऱ्या जागेवर नेमानं पसरवते. त्यात सबमिशनच्या आदल्या दिवशीचा तळहाताचा घाम मिसळला की शीटला जो रंग येतो त्याला कुठल्याही मानकात नाव नाही. तयारीची मुलं मनगटाखाली रुमाल ठेवतात. बाकीची, शीट वाळल्यावर उजळेल, या आशेवर असतात.

खोडरबर त्यानंतरचं शस्त्र. लंडनच्या एडवर्ड नेर्न या उपकरणं बनवणाऱ्यानं १७७० च्या सुमारास रबराचे तुकडे खोडण्यासाठी विकायला सुरुवात केली. तोवर पेन्सिलीची रेघ पावाच्या मऊ गरानं पुसत. नेर्नचा हात चुकून पावाऐवजी रबरावर पडला, अशी गोष्ट सांगतात. होस्टेलच्या मेसमधल्या पावानं रेघ पुसली जाते का, हा प्रयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तो पाव चावताना रबरासारखा लागतो, एवढी तक्रार मात्र जुनी आहे.

आता कागद. इथं सगळ्यांत शहाणा माणूस कोण असेल तर ज्यानं ए मालिका बसवली तो. जर्मनीनं १९२२ साली हे माप मानक म्हणून घेतलं. ए-शून्य म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर, क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर. लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतकं. त्यामुळे कागद मधोमध दुमडला की मिळणाऱ्या अर्ध्याचा आकार मूळ कागदासारखाच राहतो: ए-शून्याचा ए-वन, त्याचा ए-टू, आणि असं करत करत झेरॉक्सच्या दुकानातला आपला रोजचा ए-फोर. यावर थांबतील तर ते जर्मन कसले? शाईच्या पेनांच्या जाड्याही त्याच गुणोत्तरात ठेवल्या गेल्या: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. का, तर मोठं ड्रॉइंग एका मापानं लहान केलं की ०.५ ची रेघ आपसूक ०.३५ ची होते, आणि त्यावर दुरुस्ती करायला त्या जाडीचं पेन हाताशी असतं. अक्षरांच्या उंचीलाही तोच हिशेब: २.५, ३.५, ५, ७. आणि एवढ्या तोलून-मापून बसवलेल्या व्यवस्थेत महाराष्ट्रातला विद्यार्थी कित्येक वर्षं हाफ इंपिरियल शीट घेऊन बसे, म्हणजे इंचातला साहेबी कागद, ज्याचा दोनाच्या वर्गमुळाशी काही संबंध नाही.

कागदाचा खरा शत्रू मात्र माप नव्हे, मुंबईचा पावसाळा. हवेतला ओलावा पिऊन शीट फुगतं, लहरी धरतं. दादरला चढताना सपाट असलेलं ड्रॉइंग माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये उलगडावं तर त्यातल्या जिन्याला दोन पायऱ्या जास्त आल्यासारख्या दिसतात. एका स्टेशनाच्या अंतरात एवढी प्रगती करणारं दुसरं बांधकाम शहरात नाही.

हा सगळा सरंजाम ज्या विद्येसाठी, ती विद्या एके काळी लष्करी गुपित होती. फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत १७६० च्या दशकात गास्पार मोंज या तरुणाकडे किल्ल्याच्या तटबंदीचा एक प्रश्न आला: आतला भाग शत्रूच्या तोफेला दिसू नये म्हणून भिंत किती उंच हवी? तोवर हे काम लांबलचक आकडेमोडीनं होई. मोंजनं ते रेघांनी सोडवलं. वस्तूला समोरून आणि वरून पाहायचं, दोन्ही दृश्यं एकाच कागदावर मांडायची आणि रेघा पुढं नेत उत्तर काढायचं. उत्तर इतक्या झटपट आलं की वरिष्ठांनी आधी ते तपासायलाच नकार दिला, आणि पटल्यावर त्याबद्दल बाहेर बोलायची बंदी घातली. क्रांतीनंतर १७९५ साली मोंजनं पॅरिसात उघड व्याख्यानं दिली, १७९९ साली पुस्तक आलं आणि गुपित फुटलं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेतली उत्तरं पाहिली तर ते सगळीकडे फुटलं आहे असं म्हणवत नाही.

आपल्याकडे ही विद्या गुजरातेतल्या आणंदहून आली, असं म्हटलं तरी चालेल. तिथल्या चरोतर प्रकाशनाचं एन. डी. भट यांचं पुस्तक मुलांच्या पिढ्यांनी वापरलं. 'भट आणलास का?' असं एकमेकांना विचारलं की पुरे. आणि भट उघडला की 'फर्स्ट अँगल' समोर येतो. या पद्धतीत वस्तू पाहणारा आणि पडदा यांच्यामध्ये असते, म्हणून वरून पाहिलं ते खाली काढायचं, आणि डावीकडून पाहिलं ते उजवीकडे. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या कुणाला यात नवल वाटणार नाही. युरोपात आणि भारतात हीच पद्धत. अमेरिकेत 'थर्ड अँगल', म्हणजे वरचं वर आणि डावीकडचं डावीकडे. दोन्हींमधला फरक कळावा म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एका छाटलेल्या शंकूची दोन दृश्यं काढून ठेवतात. हा शंकू इतका लहान असतो की भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये तेलकट बोटाचा एक ठसा त्यावर पडला की पुरे: डाव्या बाजूची भोकं उजव्या बाजूला पडलेला, बाकी सर्वांगसुंदर असा ब्रॅकेट तयार होतो.

आता त्या हात न लावलेल्या ड्राफ्टरकडे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही होस्टेलात सबमिशनच्या आदल्या रात्री एक विशिष्ट मांडणी दिसते. दोन खुर्च्या समोरासमोर, त्यांवर कपाटाची किंवा खिडकीची काढलेली काच, काचेखाली टेबल लॅम्प. काचेवर आधी वर्गातल्या एकुलत्या एका प्रामाणिक मुलाचं शीट, वर कोरं शीट. खालून दिवा लावला की खालच्या रेघा वर उजळून येतात आणि त्या फक्त गिरवायच्या. यालाच ग्लास ट्रेसिंग, अर्थात 'जीटी मारणं' म्हणतात. ड्राफ्टर लागत नाही. कंपास लागत नाही. भट तर नाहीच नाही. लागतो तो बल्बची उष्णता सोसणारा चेहरा आणि प्रामाणिक मुलाशी बरे संबंध. पहाटेपर्यंत त्याच्या शीटवरून मजला भरून शीटं निघतात, आणि मूळ शीटात एक भोक चुकून दोन मिलिमीटर खाली पडलं असेल तर ते पूर्ण मजल्यावर दोन मिलिमीटर खाली असतं. प्राध्यापकांना ते भोक बरोबर ओळखता येतं. त्यांनीही त्यांच्या काळी काचा काढलेल्या असतात.

या उद्योगाला हसण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं की गिरवणं हा जगभर पगारी धंदा होता. मूळ ड्रॉइंग पेन्सिलीनं निघे. त्यावर अर्धपारदर्शक कापड ताणून शाईनं गिरवत, आणि त्या गिरवलेल्या प्रतीवरून छापील नकला काढत. स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या जहाजांच्या कारखान्यांत हे काम करणाऱ्या ट्रेसर बायका असत. भल्या मोठ्या जहाजांच्या एकेका जोडाची रेघ त्यांच्या हातून गेलेली, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत नावं पुरुषांची. आपल्याकडेही त्या चौकटीचा मान असाच चढता असतो: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पगार वरच्या दिशेनं वाढत जातो आणि ड्रॉइंगशी ओळख त्याच वेगानं कमी होत जाते. पुण्याच्या सीओईपीची सुरुवात १८५४ साली झाली ती बांधकाम खात्याला दुय्यम नोकर पुरवण्यासाठी. पुढं ती संस्था मोठी झाली, साहेब घडवू लागली, आणि रेघा मारायचं काम आयटीआयमधून दोन वर्षांचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आलेल्या मुलाकडे गेलं. साइटवर काही अडलं की सही करणारा साहेब त्याच मुलाला हाक मारतो: 'अरे, हे आपण काय काढलंय?'

ट्रेसिंगच्या कापडाची एक गंमत सांगायलाच हवी. तलम सुती कापडाला खळ लावून, घोटून ते चकचकीत आणि अर्धपारदर्शक करत. त्यावर शाई नीट धरावी म्हणून आधी खडूसारखी बारीक पूड चोळून पृष्ठभाग पुसून घेत. मात्र रद्द झालेलं ड्रॉइंग गरम पाण्यात बुडवलं की खळ निघून जाई आणि हाती उत्तम प्रतीचं कापड उरे. त्याचे रुमाल होत, बाळाची झबलीही होत. नाक पुसता पुसता कुणी एखाद्या पुलाचा उभा छेद पुसला असेल, आणि तो रद्द झालेला पूल निदान कुणाच्या तरी उपयोगी पडला असेल.

शाईच्या पेनांचा एक वेगळा अध्याय आहे, पण तो सगळा तुंबण्याचा आहे. आधी दोन पात्यांचं रूलिंग पेन होतं: पात्यांमध्ये शाईचा थेंब भरायचा, स्क्रूनं जाडी ठरवायची आणि श्वास रोखायचा. मग हॅम्बर्गच्या रोट्रिंग कंपनीचं रॅपिडोग्राफ १९५३ साली आलं. त्याच्या नळीत केसाएवढी तार असते. ती हलली की शाई वाहते. पेन खडखड हलवून, कानाशी नेऊन तार वाजते का हे ऐकणारा आर्किटेक्ट म्हणजे त्या काळचं नेहमीचं दृश्य. चार दिवस वापरलं नाही तर ०.१ चं टोक असं बंद होई की कोमट पाणी, साबण आणि देव, तिघांनाही दाद देत नसे. चुकलेली रेघ काढायला दाढीचं अर्धं पातं. ट्रेसिंगवरून ते तिरकं, हलक्या हातानं खरवडायचं. हात जड पडला की रेघ जाई आणि तिच्या जागी खिडकी येई, नकाशात नसलेली.

नकला काढायची जुनी पद्धत खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं १८४२ साली शोधलेली: लोहाचे क्षार लावलेला कागद, वर ट्रेसिंग, उन्हात ठेवायचं, पाण्यानं धुवायचं. ऊन लागलं तिथं निळं, रेघेच्या सावलीत पांढरं. पुढं अमोनिया प्रिंट आलं आणि पांढऱ्यावर गडद रेघा उमटू लागल्या. या दुकानाचा पत्ता विचारावा लागत नसे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की आलं दुकान. घराचा नकाशा मंजूर करून घ्यायला गेलेली माणसं तिथून रडतच बाहेर पडत, आणि महापालिकेत जायचं अजून बाकीच असे.

त्या प्रिंटवर हातानं रंग भरावे लागत. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांनी, रस्ता हिरवा. नियमावलीत रंगांचं कोष्टकच असतं. बिचाऱ्या कोष्टकात एक रंग मात्र राहून गेला: मंजुरीनंतर करायच्या कामाचा. नकाशातली उघडी बाल्कनी ताबा मिळाल्यावर पहिल्याच दिवाळीत काचा लावून मुलाची अभ्यासाची खोली होते, आणि तिच्यासाठी कोणती पेन्सिल वापरावी हे कुठल्याच मानकात लिहिलेलं नाही.

मग संगणक आला. इव्हान सदरलंडनं १९६३ साली एमआयटीत पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या होत्या. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं आणि पुढच्या दशका-दोन दशकांत बोर्ड, टी-स्क्वेअर, रोट्रिंग, अमोनिया सगळं माळ्यावर गेलं. सॉफ्टवेअरनं जुन्या मंडळींची नावं जपली, एवढं खरं. रेघांच्या जाड्या अजून ०.२५, ०.३५ आणि ०.५ च निवडायच्या असतात, पेन कधीचं तुंबून मेलं असलं तरी. 'ऑर्थो'चं बटण दाबलं की रेघ आडवी नाहीतर उभीच जाते. टी-स्क्वेअर आणि गुण्या दोघं मिळून त्या एका कळीत राहायला गेले. डावखुऱ्यांची अडचण पहिल्यांदा सुटली. कंट्रोल झेडमुळे पात्यानं खरवडायची कला संपली, आणि तिच्याबरोबर चूक करण्याआधी विचार करायची सवयही, अशी तक्रार जुने ड्राफ्ट्समन करतात. ते अमोनियाच्या वासाचीही आठवण काढतात, तेव्हा त्यांचं किती मनावर घ्यायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पुष्कळ कॉलेजांत अजून काही शीटं हातानंच काढायची असतात, म्हणून नळकांडी बसमध्ये दिसतात आणि अप्पा बळवंत चौकातला धंदा चालू आहे. बाकीची शीटं कॉम्प्युटर लॅबमध्ये होतात. तिथं काच लागत नाही, दिवा लागत नाही, घाम येत नाही. प्रामाणिक मुलाची फाइल पेन ड्राइव्हवरून सगळीकडे जाते आणि काम राहतं ते कोपऱ्यातल्या चौकटीतलं नाव बदलण्याचं. जीटीत निदान रात्रभर मान मोडून रेघा तरी माराव्या लागत. नाव बदलण्याला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो. मग प्राध्यापकांसमोर सात फाइली उघडतात आणि सातही चौकटींत एकच नाव असतं.

'हा कोण? उभा राहा,' प्राध्यापक म्हणतात. 'बाकीच्या सहा जणांचं बघतो मी नंतर. तू तरी स्वतः काढलंस ना हे?'

मुलगा उभा राहतो आणि खाली मान घालून सांगतो, 'सर, मी फक्त नाव बदललं होतं.'